मोतीराम टोंगारेच्या डोकेदुखीची चौदा कारणं

मोतीराम टोंगारेचं पोट श्वासावर चालायचं. खरं सांगायचं तर श्वास न घेण्यावर. दिंडोरीपासून वणीपर्यंतच्या पट्ट्यात कुणाच्या विहिरीत मोटर पडली, पाइपच्या तळाच्या फुटव्हॉलमध्ये चिंधी अडकली, की मोटरसायकलवरून माणूस थेट मोतीरामच्या दारात यायचा. मोतीराम विहिरीवर जायचा, कपडे काढायचा, छातीवर दोन ओंजळी पाणी मारायचा, एक लांब श्वास भरून घ्यायचा आणि खाली जायचा. काठावरचे लोक मग तंबाखू काढायचे. चुना लावून, मळून, थापटून चिमूट ओठाखाली गेली तरी मोतीराम वर आलेला नसायचा. मग कुणीतरी पुढे वाकून बघायचा आणि म्हणायचा, "गेला का काय?" तेवढ्यात हातात दोर धरून मोतीराम वर यायचा, अगदी सावकाश. जणू खाली जरा बसायला गेला होता.

नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमारास तो खरोखर अडीच मिनिटं राहायचा. लोकांनी त्याचे चार केले. वणीच्या बाजारापर्यंत जाईतो पाच झाले. एका द्राक्षबागायतदाराने तर आपल्या व्याह्यांना सात सांगितले, कारण विहीर त्याची होती आणि तिची खोली त्याला वाढवून हवी होती. मोतीरामने यातला एकही आकडा कधी नाकारला नाही. लोक बोलतात, आपण कुठं कुणाचं तोंड धरायचं, असं तो बायकोला म्हणायचा. चंद्रभागा म्हणायची, "तोंड नका धरू. पण सात मिनटं आयकून हसू तरी नका असं."

चाळिशी ओलांडली तशी छाती जरा कुरकुरायला लागली. आता दीड मिनिटात डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. मग मोतीरामने एक युक्ती काढली. विहिरीच्या सावलीतल्या बाजूला कपारीखाली नाक तेवढं वर काढायचं, दोन घोट हवा घ्यायची आणि पुन्हा खाली. काठावर कुणाला कळत नसे. त्याचं त्याला मात्र कळायचं, आणि त्या दिवशी तो पैसे घेताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचा नाही.

अशात दोन हजार दोन साल उजाडलं. पुढच्या वर्षी नाशकात सिंहस्थ होता. लाखो लोक गोदावरीत उतरणार म्हणून नाशकातल्या एका सरकारी खात्याने पाण्याखाली श्वास घेण्याची यंत्रं मागवली. पाठीवर टाकी, तोंडात रबरी नळी, डोळ्यांना काचेचा मास्क, पायांना बदकासारखे रबरी पंजे. असे चार संच आले. संच आल्यावर खात्याच्या लक्षात आलं की ते घालून पाण्यात उतरणारी माणसंही लागतील. मग अकरा महिन्यांच्या करारावर 'पट्टीचे पोहणारे' हवेत, अशी जाहिरात निघाली.

खात्याचे कापडणीस साहेब मुलाखतीला बसले होते. ते सटाण्याकडचे, वयाने पन्नाशीचे आणि पाण्याला कमालीचे घाबरणारे. नदीवरच्या पाहणीला गेले तरी ते जीपमधून उतरत नसत.

"पोहता येतं?" त्यांनी विचारलं.

"येतं साहेब."

"प्रमाणपत्र?"

मोतीरामला वाटलं साहेब चेष्टा करतायत. साहेब करत नव्हते. तो परत गावी गेला आणि सरपंचाकडून लिहून घेऊन आला: 'सदर इसम लहानपणापासून पाण्यात असून अद्याप बुडालेला नाही. सबब त्यास पोहता येते असे दिसते.' खाली सही, शिक्का. कापडणीस साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि फाईलला लावलं.

चौघे निवडले गेले. त्यातल्या दोघांना ऑगस्टातल्या धरणाच्या पाण्याचा रंग बघूनच घरची कामं आठवली. उरले मोतीराम आणि रंगनाथ. रंगनाथ हा साहेबांच्या जीपचा ड्रायव्हर, सिन्नरचा, तिशीतला, सुटलेल्या पोटाचा. टाक्या धरणापर्यंत न्यायला ड्रायव्हर लागणारच आहे, मग यादीतही त्याचंच नाव घालून टाका, अशा हिशेबाने तो आला होता. पोहायला तो गावच्या बंधाऱ्यात शिकला होता आणि पोहताना म्हशीसारखा फुसफुसायचा.

शिकवायला परब सर आले. नौदलात वीस वर्षं पाणबुड्याचं काम करून निवृत्त झालेले, मालवणचे, काटक आणि तापट. आधी तरणतलावात, मग गंगापूर धरणात शिकवणी सुरू झाली. पहिल्याच दिवशी त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली म्हणजे टाकीत ऑक्सिजन नसतो, साधी हवा असते, दाबून भरलेली. ही गोष्ट ते पुढे रोज सांगत राहिले आणि खात्यातले सगळे रोज 'ऑक्सिजनची टाकी' म्हणत राहिले.

"आणि दुसरी," परब सर बोट नाचवत म्हणाले, "श्वास कधी रोखायचा नाही. कधी म्हणजे कधी नाही. सावकाश आत, सावकाश बाहेर. समजलं?"

रंगनाथ म्हणाला, "समजलं सर." मोतीरामही म्हणाला. पण त्याला वाटलं, ही सूचना रंगनाथसाठी आहे.

पाण्याखाली गेल्यावर रंगनाथच्या तोंडातून बुडबुड्यांचे लोटच्या लोट निघायचे. पंधरा-वीस मिनिटांत त्याची टाकी रिकामी व्हायला यायची. मोतीराम त्याच्याकडे बघायचा आणि त्याला लाज वाटायची, रंगनाथची. पाण्यात असा श्वास घेत बसायचा असेल तर जमिनीवर काय वाईट होतं? ज्या माणसाने वीस वर्षं श्वास न घेता नाव कमावलं, त्याने तोंडात नळी धरून बाळासारखं चोखत बसायचं? मोतीराम एक श्वास घ्यायचा, दाबून धरायचा, मनात चाळीसपर्यंत मोजायचा, मग नाइलाजाने सोडायचा. पुन्हा एक घ्यायचा, पुन्हा चाळीस. दोघे बरोबर वर यायचे तेव्हा उरलेली हवा दाखवणारा टाकीचा काटा बघितला जायचा. भरल्यावर तो दोनशेवर असायचा. रंगनाथचा चाळीसवर आलेला असायचा, मोतीरामचा दीडशेवर.

गडबडीत परब सरांनी काटे बघितले नाहीत; ते काम कापडणीस साहेबांनी जीपमध्ये बसून स्वतःकडे घेतलं होतं. साहेब भारावून गेले.

"याला म्हणतात काटकसर! रंगनाथ, शीक जरा. एका टाकीत हा माणूस तिघांचं काम करेल."

दुसऱ्या दिवशी तसं कौतुकाचं पत्रही टाईप झालं. मोतीरामने ते घडी न घालता, सरळ धरून, एसटीतून घरी नेलं.

त्याच एसटीत त्याचं डोकं पहिल्यांदा दुखलं. दिंडोरी नाका सोडेपर्यंत नुसतं जड होतं. पुढे कानशिलं उडायला लागली, मग डोक्याच्या मागच्या बाजूला कुणीतरी मुसळ घातल्यासारखं ठणकायला लागलं. घरी जाऊन तो भिंतीला टेकून बसला. चंद्रभागेने पत्र वाचायला घेतलं, त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि पत्र बाजूला ठेवलं.

"काय झालं?"

"डोकं दुखतंय. लय."

रात्रीतून उतरलं. पण पुढच्या बुडीनंतर पुन्हा तेच, आणि त्याच्या पुढच्या बुडीनंतरही. परब सरांच्या कानावर मात्र त्याने ते घातलं नाही. दहा दिवसांची शिकवणी संपली, आणि परब सर गणपतीला मालवणला निघून गेले. कोकणातल्या माणसाला गणपतीत थांबवणं खात्याच्या अधिकारात नव्हतं. त्यामुळे या डोकेदुखीबद्दल ज्याला खरोखर काही कळत होतं असा एकमेव माणूस नाशकातून गेला, आणि बाकी सगळे बोलायला मोकळे झाले.

चंद्रभागेचं म्हणणं मास्कचा पट्टा घट्ट आहे. मोतीरामच्या डोक्यामागे वळ उठलेला तिने स्वतः पाहिला होता. तिने पट्टा सैल करून दिला. दुसऱ्या दिवशी मास्कमध्ये पाणी शिरलं, नाकात गेलं आणि डोकं मात्र पहिल्यासारखंच दुखलं. रंगनाथ म्हणाला, "मोतीभाऊ, तुम्ही उपाशी उतरता. मी बघा, दोन वडापाव खाऊन उतरतो." मोतीरामने दोन वडापाव खाल्ले. मग डोक्याबरोबर पोटही दुखलं. भांडारातल्या कारकुनाने खाजगीत विचारलं, "आदल्या दिवशी जरा जास्त होते का?" मोतीराम माळकरी नव्हता, पण पाण्यात उतरण्याच्या आदल्या दिवशी त्याने कधी थेंब घेतला नव्हता. तो कारकुनाशी आठवडाभर बोलला नाही.

नाशकातले एक कान-नाक-घशाचे डॉक्टर भले माणूस निघाले. त्यांनी नाकात बॅटरी मारून बघितलं, कपाळाच्या आत हवेच्या पोकळ्या असतात, सर्दीने त्या बंद झाल्या की खोल पाण्यात कपाळ दुखतं, असं नीट समजावून सांगितलं. "सर्दी आहे का?"

"नाय."

"मग दुखतं कुठे? कपाळात?"

"नाय. मागं. न् कानशिलात."

डॉक्टरांनी बॅटरी विझवली. "मला वाटतं हे माझ्या हद्दीतलं नाही," म्हणाले आणि फी निम्मी घेतली. एवढं प्रामाणिक त्या महिन्यात दुसरं कुणी बोललं नाही.

इकडे कापडणीस साहेबांना काळजी लागली. कौतुकाचं पत्र वरपर्यंत गेलेलं होतं. ज्याचं कौतुक केलं त्याचंच डोकं दुखतं, हे वरच्यांना विचित्र दिसलं असतं. त्यांनी तिघांची समिती नेमली. ते स्वतः, भांडाराचा कारकून आणि टायपिस्ट. तिघांपैकी पोहता एकालाही येत नव्हतं. समितीने दोन बैठकांत 'पाण्याखालील कामानंतर होणाऱ्या शिरोवेदनेची संभाव्य कारणे' असा अहवाल तयार केला. कारणं चौदा निघाली. पट्टा घट्ट असणे, पाणी थंड असणे, ऊन तीव्र असणे, सर्दी, उपाशीपोटी उतरणे, भरल्या पोटी उतरणे, पाणी कमी पिणे, नळी दातांत आवळून धरणे, मान फार वेळ वर करणे, टाकीतली हवा अशुद्ध असणे, मद्यप्राशन, घरगुती चिंता, मानसिक कमकुवतपणा, आणि चौदावं, इतर.

गंमत अशी की यातली बरीच कारणं खोटी नव्हती. कुणा ना कुणा पाणबुड्याचं डोकं त्यांनी दुखलं असेलच. टाकीतली हवा खराब असती तर रंगनाथचं डोकं आधी फुटायला हवं होतं, कारण तो मोतीरामच्या तिप्पट हवा ओढत होता. पण रंगनाथला समितीने बोलावलंच नाही. तो ड्रायव्हर होता.

मोतीरामला बोलावलं.

"यातलं तुझं कारण कोणतं?" साहेबांनी कागद पुढे सरकवला.

मोतीरामने चौदाही वाचली. "मला काय माहीत साहेब. तुमीच ठरवा."

"तसं नाही चालत. कुठेतरी टिक कर."

त्याने थोडा विचार करून 'मान फार वेळ वर करणे' यावर टिक केली. ते त्याला सगळ्यांत कमी बदनामीचं वाटलं.

नेमकं तेव्हाच मुंबईहून मोठे साहेब प्रात्यक्षिक बघायला येणार असल्याचं कळलं. परब सर अजून मालवणात होते. कापडणीस म्हणाले, त्यांची गरज काय, आपला मोतीराम आहे. धरणाच्या काठावर मांडव पडला, खुर्च्या आल्या, पाण्यात एक वाळू भरलेला बाहुला टाकला. बुडालेल्या माणसाऐवजी तो काढून दाखवायचा होता. आत मोतीराम आणि जोडीला रंगनाथ उतरणार.

मोतीरामला आदल्या दिवसापासून डोक्यात कळ होतीच. पण मांडव बघून, माईकवरून आपलं नाव ऐकून त्याने मनाशी ठरवलं की आज चाळीस नाही, साठ मोजायचे. तीस फूट खाली पाणी चहासारखं गढूळ होतं. हात पुढे केला तर बोटं दिसत नव्हती. पहिला साठ झाला. दुसरा झाला. तिसऱ्याला कानशिलं अशी उडायला लागली की ढोल वाजतोय असं वाटलं. मग त्याला कळेना आपण कुठं आहोत. ही कुणाची विहीर? दोर कुठाय? मोटर काढायची का बादली? त्याने चिखलात हात घातला आणि तिथंच बसून राहिला. आश्चर्य म्हणजे त्याला भीती वाटत नव्हती. आता हळूच झोपावं, इतकंच वाटत होतं.

त्याच्या बाजूला कुठेतरी म्हशीसारखं फुसफुसणं ऐकू आलं. रंगनाथ चाचपडत आला, त्याचा हात मोतीरामच्या खांद्याला लागला. त्याने हलवून बघितलं. माणूस हालेना. तेव्हा रंगनाथने त्याच्या टाकीचा पट्टा धरला, छातीत गुच्चा मारला, मोतीरामच्या तोंडातून भसकन हवा सुटली, आणि त्याला घेऊन हळूहळू वर आला.

दोघे पाण्यावर आले. रंगनाथने मोतीरामला मानेखाली हात देऊन काठाकडे ओढत आणलं. मग मोठे साहेब उभे राहिले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"वा! खऱ्या माणसावर प्रात्यक्षिक केलं. बाहुल्यापेक्षा फारच परिणामकारक!"

सगळा मांडव टाळ्या वाजवायला लागला. कापडणीसांनीही वाजवल्या, घाम पुसत. मोतीराम चिखलात पालथा पडून ओकत होता, आणि एक छायाचित्रकार त्याला सांगत होता, "जरा इकडे तोंड करा." बाहुला तळाशीच राहिला. त्याची आठवण पुढे कुणी काढली नाही.

परब सर चौथ्या दिवशी परत आले. रंगनाथने त्यांना स्टँडवरून आणता आणताच जीपमध्ये सगळं सांगितलं. ते ऑफिसात न जाता रंगनाथला घेऊन थेट मोतीरामच्या घरी गेले. मोतीराम अंगणात खाटेवर बसला होता. चंद्रभागा शेजारी, हात घट्ट बांधून.

"वर यायचास तेव्हा काटा कितीवर असायचा?" परब सरांनी बसायच्या आत विचारलं.

"दीडशे."

"आणि याचा?"

"चाळीस," रंगनाथ म्हणाला. "मी जरा जास्तच ओढतो सर."

परब सर मोतीरामकडे वळले. "तू खाली श्वास घेतोस का रे?"

मोतीराम खाटेची दोरी बोटाने ओढू लागला.

"मोतीराम. मी विचारतोय."

"घेतो की. अधूनमधून."

"मी काय सांगितलं होतं?"

"श्वास रोखायचा नाय." मग एकदम त्याचा आवाज चढला. "पण सर, विहिरीत मी कधी घेतलाय का? वीस वर्सं! लोक पाच मिनटं म्हन्तात मला, सात म्हन्तात. न् आता नळी लावून फुस्स-फुस्स करू? काय राह्यलं मग माझं?"

चंद्रभागा म्हणाली, "पाच मिनटं लोक म्हन्तात. तुमाला ते खरं मानायला काय झालं?"

परब सर ओरडतील असं रंगनाथला वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. ते खाटेवर मोतीरामच्या शेजारी बसले. "हे बघ. हवा आत घेतली, की अंग ती वापरतं आणि खराब करून टाकतं. ती बाहेर सोडायची असते. तू ती कोंडून ठेवतोस. ती रक्तात साचते, मग डोकं दुखतं. त्या दिवशी इतकी साचली की तुझी शुद्ध चालली होती. ही झाली एक गोष्ट. दुसरी याहून वाईट. विहिरीत तू वरची हवा घेऊन जातोस, तेवढीच घेऊन वर येतोस. इथे तू खालून दाबाची हवा घेतोस. ती कोंडून वर आलास तर वर येता येता फुगते. फुप्फुसं फाटतात. रंगनाथने त्या दिवशी तुझ्या छातीत गुच्चा मारला नसता, तर मी आज इथे सुतकात भेटायला आलो असतो."

रंगनाथ ओशाळून म्हणाला, "मी ते मुद्दाम नव्हतं मारलं सर. राग आला होता."

मोतीराम खाली बघत होता. तो म्हणाला, "म्हंजे चौदातलं एकपन नव्हतं."

"कसले चौदा?" परब सरांनी विचारलं. त्यांना कुणी अहवाल दाखवला नव्हता.

पुढचे पंधरा दिवस मोतीरामला श्वास घ्यायला शिकवण्यात गेले. रोखायला शिकणं त्याला लहानपणी दोन दिवसांत जमलं होतं. घ्यायला शिकणं जिवावर आलं. हातांच्या आपोआप मुठी व्हायच्या, छाती आपोआप कुलूप लावायची. शेवटी परब सरांनी उपाय काढला. मोतीरामने रंगनाथच्या अगदी बाजूने पोहायचं, आणि रंगनाथने बुडबुडे सोडले की आपणही सोडायचे. रंगनाथने घेतला की घ्यायचा. जिल्ह्यातल्या विहिरींचा राजा सिन्नरच्या जीप-ड्रायव्हरचे बुडबुडे बघत बघत धरणाच्या तळाशी फिरू लागला. तिसऱ्या दिवशी त्याची टाकी रंगनाथच्या आधी संपली. वर आल्यावर तो गच्च डोळे मिटून वाट बघत बसला. दुखलं नाही. एसटीत दुखलं नाही. घरी जाऊनही नाही.

"आज?" चंद्रभागेने विचारलं.

"नाय," तो म्हणाला. मग भाकरी मोडता मोडता त्याने सावकाश, ती ऐकेल असा, एक मोठा श्वास घेतला. "दीड मिनटं," तो म्हणाला. "माझा खरा दम दीड मिनटाचा राह्यलाय. दोन-तीन वर्सं झाली."

"मला म्हाईत हाय," चंद्रभागा म्हणाली. "भाजी वाढू?"

खात्यात मात्र हे कळवणं अवघड होऊन बसलं. खरं कारण लिहायचं तर 'श्वास न घेणे' असं लिहावं लागलं असतं, आणि त्याच श्वास न घेण्याबद्दल साहेबांनी कौतुकाचं पत्र दिलेलं होतं. दोन्ही कागद एका फाईलमध्ये राहणं शक्य नव्हतं. कापडणीसांनी दोन दिवस विचार केला आणि मोतीरामची 'मान' वाली टिक खोडून 'इतर' वर केली.

सिंहस्थात मोतीराम आणि रंगनाथ रोज काठावर असायचे. दोघांनी मिळून नदीतून कमंडलू काढले, चपला काढल्या, कवळ्या काढल्या, एकदा एक मोबाइल काढला. त्याचा मालक तो अजून वाजतोय का बघत होता. आणि दोन माणसं जिवंत काढली. त्यातला एक पाणी ओकून झाल्यावर म्हणाला की आपण बुडत नव्हतोच, ध्यान करत होतो.

एका वर्तमानपत्राचा माणूस आला. त्याने कुठूनतरी सात मिनिटांचं ऐकलं होतं. "एकदा बिनटाकीचं राहून दाखवा ना, फोटो घेतो," तो म्हणाला. जीपच्या खिडकीतून कापडणीस साहेबही म्हणाले, "दाखव रे मोतीराम, खात्याचं नाव होईल."

मोतीराम टाकी पाठीवर चढवत होता. "दीड मिनटाचा काय फोटो घ्यायचा साहेब," तो म्हणाला. "टाकीवाल्यांत रंगनाथ माझा गुरू हाय. त्याचा घ्या."

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर फोटो आला. मास्क लावलेला, पोट सुटलेला रंगनाथ, आणि खाली लिहिलेलं: 'ऑक्सिजनशिवाय सात मिनिटे पाण्याखाली राहणारे मोतीराम टोंगारे.'

मोतीरामने दोन प्रती विकत घेतल्या, एक स्वतःला, एक रंगनाथला. चंद्रभागेने फोटो उलटा-सुलटा करून बघितला.

"तुमी लय सुटला की," ती म्हणाली.